एका पैशाचे मोल

पुण्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग जेथे घाट उतरू लागतो, तेथे लोणावळा हे गाव वसलेले आहे. त्याच्या अवतीभोवतीचा, इंद्रायणी व पवना या नद्यांच्या खोऱ्यांतील डोंगराळ मुलूख म्हणजे मावळ. मावळ म्हटले की शिवछत्रपतींचे मावळे आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले डोळ्यांपुढे उभे राहतात. शौर्याचा हा वारसा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु याच भूमीला आणखी एक वारसा लाभलेला आहे. तो सामान्य माणसांच्या दातृत्वाचा. त्याचे पोवाडे कोणी गाइले नाहीत, म्हणून त्याचे मोल कमी ठरत नाही.

दान करणे हे श्रीमंतांचे काम, असा पुष्कळांचा समज असतो. “आपल्याजवळ आहेच काय, की आपण द्यावे? आणि दिलेच, तर तेवढ्याने होणार काय?” असे म्हणून माणसे हात आखडता घेतात. हा समज किती चुकीचा आहे, हे मावळच्या मातीतच पाहावयास मिळते.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले एक भव्य चैत्यगृह आहे. देशातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे मानले जाते. एवढे मोठे काम पाहून ते कोणा सम्राटाने करविले असावे, असे कोणासही वाटेल. पण तेथील ब्राह्मी लिपीतील लेख निराळीच हकीकत सांगतात. वैजयंती येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे लेणे पूर्णत्वास नेले, असे एक लेख सांगतो. मात्र त्याच्या बरोबरीने इतर अनेकांची नावेही तेथे कोरलेली आहेत. एकेक खांब एकेका दात्याने दिला आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने आपला वाटा उचलला आहे, त्याच गावच्या एका सुताराने दरवाजाचे काम केले आहे. भिक्षुणींचे दान तेथे आहे, परदेशी वंशाच्या यवनांचेही आहे. त्यांपैकी एकट्याने कोणी हे लेणे उभारू शकला नसता. परंतु प्रत्येकाने एकेक खांब उचलला, आणि त्या खांबांवर उभे राहिलेले छत आजही कोसळलेले नाही.

कार्ल्यापासून पुण्याच्या दिशेने गेले म्हणजे तळेगाव दाभाडे हे गाव लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे याच विचाराला नवे रूप मिळाले. त्या काळी देशावर इंग्रजांचे राज्य होते. कंदिलाच्या काचेपासून औषधाच्या बाटलीपर्यंत काचेच्या असंख्य वस्तू परदेशांतून येत आणि त्यांच्या मोबदल्यात देशाचा पैसा बाहेर जाई. आपल्या देशात उद्योग निघावेत ही तळमळ अनेकांना होती. परंतु भांडवल कोठून आणावयाचे, हा प्रश्न होता. अंताजी दामोदर काळे यांना त्याचे अगदी साधे उत्तर सुचले. प्रत्येकाने वर्षाकाठी केवळ एक पैसा द्यावा, आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभारावेत. या योजनेचे नावच ‘पैसा फंड’ असे पडले. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला.

एक पैसा म्हणजे किती, हे आज हिशेब केल्यावाचून ध्यानात यावयाचे नाही. त्या वेळी एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याचे चार पैसे होत. म्हणजे एका रुपयास चौसष्ट पैसे. हजार रुपये जमवावयाचे तर चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरावा लागे! कोणा धनिकाच्या दारी जाऊन हजार रुपये मागणे याहून किती सोपे होते! तरी काळे यांनी अवघड वाट पत्करली. त्यामागे एक खोल विचार होता. धनिकाने हजार रुपये दिले असते, तर कारखाना त्या धनिकाचा झाला असता. चौसष्ट हजार माणसांनी एकेक पैसा दिला, की तो चौसष्ट हजार माणसांचा होतो. पैसा देणारा शेतकरी किंवा हमाल यांना ‘यात माझाही वाटा आहे’ असे ताठ मानेने म्हणता येते.

या पैशांतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची धुरा सांभाळली. तेथे काच तर तयार झालीच. परंतु त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काच तयार करणारी माणसे घडली. येथे शिकलेले कारागीर पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतील काच कारखान्यांत गेले. भुकेल्याला एक वेळचे अन्न देणे हे पुण्याचे काम आहेच. पण ज्या दानाने माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो, ते दान अधिक काळ टिकते. पैसा फंडाचे खरे यश यात होते.

धनाचे दान हा दातृत्वाचा एक प्रकार झाला. आपला वेळ, आपले श्रम आणि प्रसंगी आपला जीव दुसऱ्यासाठी पणास लावणे हा दुसरा प्रकार होय, आणि तो अधिक कठीण आहे. त्याचे दर्शनही आज मावळातच घडते. पावसाळ्यात लोणावळ्याचे डोंगर हिरवेगार होतात, कड्याकड्यांवरून धबधबे कोसळू लागतात आणि ते पाहण्यास सहस्रावधी लोक येतात. त्यांतील कोणी धुक्यात वाट चुकतो, कोणी निसरड्या कड्यावरून दरीत पडतो, कोणी प्रवाहात ओढला जातो. अशा वेळी ‘शिवदुर्ग मित्र, लोणावळा’ आणि ‘वन्यजीव रक्षक मावळ’ या संस्थांचे स्वयंसेवक दोर घेऊन धावून जातात. ते सैनिक नव्हेत. हातातील काम बाजूला ठेवून, भर पावसात, प्रसंगी मध्यरात्रीही ते दरीत उतरतात. ज्याला वाचवावयाचे त्याचे नाव त्यांना बहुधा ठाऊकही नसते.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. या दोन्ही प्रसंगी शासकीय पथकांच्या खांद्याला खांदा लावून स्थानिक स्वयंसेवक पाण्यात उतरले होते.

यावर कोणी म्हणेल, “हे तर शासनाचे काम! त्यासाठी कर दिला जातो. मग सामान्य माणसांनी हा भार का वाहावा?” हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. मोडका पूल वेळीच बंद करणे, धोक्याच्या जागी पहारा ठेवणे ही शासनाची कर्तव्ये होत, आणि स्वयंसेवक आहेत म्हणून शासनाची त्यांतून सुटका होत नाही. परंतु बुडणाऱ्याला वाट पाहण्यास वेळ नसतो. दूरच्या शहरातून पथक येईपर्यंतची पहिली घटका शेजाऱ्याच्याच हाती असते. शासनाने आपले काम करावे आणि शेजाऱ्याने शेजारधर्म सोडू नये, असे दोन्ही घडले तरच समाज सुरक्षित राहतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. केवळ चांगले मन असून भागत नाही. पोहता न येणारा मनुष्य दयेने पाण्यात उडी घेतो, तेव्हा एकाऐवजी दोघे संकटात सापडतात. दोर कसा बांधावा, जखमी माणसास कसे उचलावे, प्रवाहाचा जोर कसा ओळखावा, हे सारे शिकावे लागते. स्वयंसेवक दरीत उतरतो तो एक तास लोकांना दिसतो. त्यामागचा वर्षानुवर्षांचा सराव कोणास दिसत नाही. सेवा करावयाची इच्छा असेल, तर आधी अंगी पात्रता आणावी लागते.

आणि ज्यांच्या हातून एवढे घडणार नाही, त्यांच्यासाठीही एक सोपे दान आहे. धोक्याचा फलक वाचून जो मागे फिरतो, तो कोणा स्वयंसेवकाचा जीव धोक्यात घालण्याचे टाळतो. थोड्या मौजेसाठी दुसऱ्याला दरीत उतरावयास लावणे हा त्याच्या सेवेचा अपमान होय.

मुलांच्या खिशात हजारो रुपये नसतात, ही गोष्ट खरी. परंतु पैसा फंडाला तरी हजारो रुपये कोठे हवे होते? त्याला हवा होता एक पैसा. मात्र तो प्रत्येकाचा आणि दरवर्षी न चुकता दिलेला. वर्गातील मागे पडलेल्या सोबत्यास रोज थोडा वेळ शिकविणे, शेजारच्या आजारी वृद्धास औषध आणून देणे, पोहणे व प्रथमोपचार शिकून घेणे ही आजची पैशापैशाची दानेच आहेत. कार्ल्याच्या त्या सुताराने संपूर्ण लेणे कोरले नाही. त्याने आपल्या वाट्याचा दरवाजा केला. त्या दरवाजातून माणसे आजही आत जातात.