खाकी कव्हरातली डी. जे.

मुलांनो, मागच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती आठवीत आहे. हातात खाकी कव्हरचं पुस्तक आणि वर लेबल ‘भूगोल’! मी सहज उघडलं, तर आत इंग्रजी कादंबरी. पोरीचा चेहरा असा पडला म्हणता! संध्याकाळी तिची आई दारात हजर. “बाई, तुमचं ऐकते ती. हे प्रेमाबिमाचं वाचू नकोस म्हणून तुम्हीच सांगा.”

आता न वाचताच कसं सांगणार? पुस्तक मी ठेवून घेतलं आणि दोन रात्रींत संपवलं. (वह्या तपासायच्या राहिल्या, पण हे मुख्याध्यापकांना सांगू नका हं!)

पुस्तकाचं नाव ‘डेअरी क्वीन’, लेखिका कॅथरीन गिल्बर्ट मर्डॉक. २००६ साली आलं. गोष्ट घडते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. हे राज्य दुधासाठी इतकं प्रसिद्ध, की तिथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवरसुद्धा ‘अमेरिकेची दूधभूमी’ अशा अर्थाचे शब्द असतात. नायिका डी. जे. पंधरा वर्षांची. वडिलांचं कमरेचं दुखणं, थोरले दोघे भाऊ वडिलांशी भांडून दूर गेलेले, म्हणून धारा काढण्यापासून गवत भरण्यापर्यंत सगळं हिच्या गळ्यात. शाळेत इंग्रजीत नापास. घरातल्या गायींना फुटबॉलमधल्या नामवंतांची नावं, पण घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

अशा गोठ्यात ब्रायन येतो. शेजारच्या गावच्या शाळेच्या संघातला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल ठरवणारा गडी. तिथला फुटबॉल आपल्यासारखा नव्हे बरं का! लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, डोक्याला शिरस्त्राण, आणि समोरच्याला चक्क अंगावर जाऊन पाडायचं. ब्रायनची शाळा आणि डी. जे.ची शाळा म्हणजे हाडवैर. त्याला कष्टाची सवय लागावी म्हणून त्याच्या प्रशिक्षकानंच त्याला इथं कामाला धाडलेलं. हा तोंड वाकडं करून येतो आणि एक दिवस तिला म्हणतो, की सांगितलेलं मुकाट्यानं करणारी तू गायीसारखीच आहेस.

तिला राग येतो. पण रात्री झोपही येत नाही, कारण ते खरं असतं!

इथं मी पुस्तक मिटून थोडी बसून राहिले. आधी भांडण आणि मग प्रेम, या गोष्टी मुलांना का आवडतात ते इथं कळतं. मैत्रिणी आपल्याला बरं वाटेल ते बोलतात. घरच्यांना आपण रोजचेच, त्यांचं लक्ष नसतं. प्रतिस्पर्धी मात्र आपल्याकडे डोळे फाडून बघत असतो. आपण डावीकडे झुकतो की उजवीकडे, कुठं दमतो, कशाला घाबरतो, सारं त्याला ठाऊक. मी डी.एड.ला असताना वक्तृत्वात माझ्याशी नेहमी भिडणारा एक मुलगा होता. त्याचं प्रत्येक अडखळणं मला पाठ होतं आणि त्याला माझं. नाही, नाही, लग्नबिग्न काही झालं नाही! बदल्यांचा मोसम आला की एकमेकांना फोन करतो, एवढंच.

गोष्टींमध्ये ही भांडणं फार जुनी आहेत. शेक्सपिअरच्या १६०० साली छापलेल्या एका नाटकात बिआट्रिस आणि बेनेडिक सारखे एकमेकांना टोमणे मारतात. कॅनडातल्या १९०८च्या एका कादंबरीत गिल्बर्ट ॲनला ‘गाजर’ म्हणतो, तर ती त्याच्या डोक्यात पाटी फोडते. पुढं कित्येक वर्षं त्याच्याशी बोलत नाही! खेळाच्या गोष्टीत आणखी एक सोय असते. तिथं रागाला मैदान मिळतं, रेघा असतात, शिट्टी असते. अपमानाचं उत्तर रडून द्यावं लागत नाही, डाव टाकून देता येतं.

डी. जे. तेच करते. ब्रायनला सरावाला पळवता पळवता तिला कळतं, की हा खेळ तिलाही येतो. आणि ती आपल्या शाळेच्या मुलांच्या संघात जायचं ठरवते. ही गोष्ट ती ब्रायनपासून लपवते, तिथं सगळं बिनसतं. पुढचं सांगणार नाही.

एक मात्र खटकतं. अशा बऱ्याच पुस्तकांत मुलगा मुद्दाम घालून पाडून बोलतो आणि शेवटी कळतं, ‘मनातून आवडत होती म्हणून!’ मुलींनो, वर्गात कुणी रोज छळत असेल, तर तो छळच असतो. बाईंना सांगा, घरी सांगा. ब्रायन मला पटला, कारण तो नंतर तिच्याबरोबर राबतो, तिला प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकतो. आणि पालकांनो, हल्ली मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या काही खेळप्रेमकथांनाही व्यंगचित्रासारखी गोड मुखपृष्ठं असतात. मुखपृष्ठ पाहून ना हो म्हणा, ना नाही. आत चार पानं चाळा.

शनिवारी मी त्या आईंना पुस्तक परत दिलं. लेबल काढून. म्हटलं, “प्रेम थोडंसंच आहे. बाकी सगळं, काम आणि खेळ यात अडकलेल्या मुलीचं आहे.” त्या गप्प झाल्या. कारण ही पोरगी सातवीपर्यंत कबड्डीत चढाईला जायची. आठवीत गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून सराव बंद झाला.

“त्या मुलीच्या आईनं खेळू दिलं का हो?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “वाचा की. लेक अर्थ सांगेल.”

काल ती मुलगी पुन्हा शाळेच्या फाटकाशी दिसली. आई तिसऱ्या प्रकरणापर्यंत आली आहे म्हणे, आणि सराव किती वाजता सुटतो, असं विचारत होती.