तुंबलेली जाळी आणि पडलेला पूल

२८ जानेवारी २०२२ च्या पहाटे पिट्सबर्गमधला फर्न हॉलो पूल दरीत कोसळला, तेव्हा त्यावर एक लांबलचक जोडबस आणि काही गाड्या होत्या. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पायाभूत सुविधांवर बोलायला राष्ट्राध्यक्ष बायडन नेमके त्याच दिवशी शहरात येणार होते. ते आले, दरीच्या काठावर उभे राहिले, फोटो जगभर गेले. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असतील.

धातू कसे गंजतात हा माझा कामाचा विषय असल्यामुळे मी त्या फोटोंत बसऐवजी पुलाचे पाय बघत बसले होते. हा पूल 'वेदरिंग स्टील'चा होता. या पोलादात तांबं, क्रोमियम, निकेल यांची थोडी थोडी भर असते. साध्या पोलादावरचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे गळत राहतात आणि खालचा धातू पुन्हा पुन्हा उघडा पडतो. वेदरिंग स्टीलवरचा गंज दाट, घट्ट बसतो आणि पुढच्या गंजाची वाट अडवतो. म्हणून याला रंग लावत नाहीत. याचं 'कॉर-टेन' हे प्रसिद्ध नाव पिट्सबर्गच्याच यू. एस. स्टील कंपनीचं. शहरातल्या ६४ मजली यू. एस. स्टील टॉवरचे तपकिरी खांब याच पोलादाचे आहेत.

फक्त एक अट आहे. हे पोलाद भिजलं, की वाळलं पाहिजे. भिजण्या-वाळण्याच्या त्या फेऱ्यांतच तो दाट थर तयार होतो. कुजका पाला चिकटून राहिला आणि त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ झिरपलं, तर क्लोराइड तो थर नीट धरूच देत नाही. मग हे महागडं पोलाद साध्या पोलादासारखंच झडत जातं.

फर्न हॉलोला हेच झालं. अपघाताची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. पुलावरच्या पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्या तुंबलेल्या होत्या, पाणी भलतीकडून पायांवर उतरत होतं आणि पायांच्या तळाशी पाला-माती साचून कायम ओल राहत होती. नैर्ऋत्येकडच्या पायातली आडवी जोडपट्टी गंजून इतकी पातळ झाली की ती तुटली, आणि पूल गेला.

चीड येते ती पुढचं वाचताना. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. जाळ्या साफ करा, पायांजवळचा कचरा काढा, गंजलेले भाग दुरुस्त करा, हे तपासणी अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. २०११ पासून पुलाचा शेरा 'पुअर' होता. अपघाताचं कारण सांगताना एनटीएसबीने बोट ठेवलं ते या शिफारशींवर शहराने काही न केल्याकडेच. पूल किती वजन पेलेल याचं गणितही चुकलं होतं. रस्त्यावरच्या डांबराचा थर हिशेबात धरल्यापेक्षा जवळपास दुप्पट जाड होता. गणित बरोबर केलं असतं, तर २६ टनांच्या मर्यादेचा फलक लावण्याऐवजी पूल बंदच करावा लागला असता.

अमेरिकेत पुलांची नियमित तपासणी सक्तीची झाली ती १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेल्यानंतर. सक्ती झाली ती तपासण्याची. अहवाल वाचून पैसे खर्च करायचे की नाही, हे बऱ्याच अंशी गावाच्या मर्जीवर राहिलं.

पिट्सबर्गच्या कारभाऱ्यांची बाजूही समजून घेऊ. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या पावणेसात लाख होती, २०२० मध्ये जेमतेम तीन लाख. पोलादाच्या भट्ट्या गेल्या, माणसं गेली, कर गेला. पूल मात्र तेवढेच राहिले. २००३ ते २०१८ हे शहर अधिकृतरीत्या आर्थिक संकटग्रस्त होतं. अशा वेळी पोलिसांचे पगार द्यायचे की पुलाखालचा पाला काढायचा, यात पाला हरतो. पण पाला काढायला फावडं, पाण्याचा पाइप आणि दोन-चार माणसांचा दिवस लागतो. नव्या पुलाला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले. मला 'पैसे नव्हते' हे उत्तर पटत नाही ते यामुळे.

खरी गोम पैसा कुठून येतो यात आहे. नवा पूल केंद्राच्या निधीतून झाला आणि वर्षाच्या आत, डिसेंबर २०२२ मध्ये, खुलाही झाला. रोजची झाडलोट मात्र साधारणपणे गावाच्या खिशातून करायची असते. म्हणजे पूल जपला तर खर्च आपला, पडू दिला तर दुसऱ्याचा! कुणी मुद्दाम पूल पाडत नाही, पण पैशाचा उतार असा असला की निर्णयही तिकडेच घरंगळतात. २०२१ च्या कायद्याने पुलांसाठी पाच वर्षांत २७.५ अब्ज डॉलर ठेवले. त्यातला पैसा घेणाऱ्या प्रत्येक गावाने दरवर्षी किती जाळ्या साफ केल्या हे जाहीर करावं, अशी अट हवी होती असं माझं मत आहे.

आपल्याकडचं उदाहरण तुमच्या मनात आलंच असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बस पुरात गेल्या. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि त्याचं कौतुकही झालं. कौतुक योग्यच आहे, पण ती धडाडी आधी कुठे होती? नालेसफाईच्या बातम्या वाचत वाढलेल्या आपल्या पिढीला तुंबलेल्या गटाराचं मोल वेगळं सांगायला नको.

मी राहते ते पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव आहे. मला इथे मत नाही, व्हिसावर आहे. पण घराचा कर भरते, आणि इथल्या कायद्याने गावच्या सभेत बोलायला रहिवासी किंवा करदाता असणं पुरतं. गेल्या हिवाळ्यात अर्थसंकल्पाच्या सभेत मी माझी तीन मिनिटं वापरली. मुलाच्या शाळेच्या वाटेवरच्या पुलाची जाळी शेवटची कधी साफ झाली, एवढंच विचारलं. समोरचे सहाही जण एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी एकजण म्हणाले, "शोधून कळवतो." मार्चमध्ये ईमेल आला: नोंद सापडत नाही, एप्रिलमध्ये साफ करू. एप्रिलमध्ये केली.

तुमच्या रस्त्यावरचा पूल वीस फुटांहून लांब असेल, तर तो 'नॅशनल ब्रिज इन्व्हेंटरी'त असतो आणि ती माहिती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. शून्य ते नऊ असे गुण असतात. पुलाचा पृष्ठभाग, त्याखालचा सांगाडा आणि आधार यांपैकी एकालाही चार किंवा कमी मिळाले, की पूल 'पुअर'. मात्र त्या आकड्यांत जाळी तुंबली आहे का, हे कळत नाही. त्यासाठी पाऊस पडत असताना पुलाच्या कडेला दोन मिनिटं उभं राहा आणि पाणी कुठे जातंय ते बघा. फोटो काढा. पेनसिल्व्हेनियातल्या गावांचे अर्थसंकल्प ३१ डिसेंबरपूर्वी मंजूर होतात. तुमच्याकडची तारीख वेगळी असेल, ती शोधून ठेवा.