हत्याराची पारख

मराठीतील ‘हत्यार’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. सुताराचा रंधा हे हत्यार आणि शिपायाची तलवार हेही हत्यारच. ज्याने काम साधायचे आणि ज्याने इजा करायची, त्या दोहोंना आपल्या भाषेने एकच नाव दिले. मोटारीखाली शिरून काम करू पाहणाऱ्याने या दुहेरी अर्थाचे स्मरण ठेवावे.

हा विषय काढण्याचे कारण असे. आदिलाबाद, जैनथ, बेला या भागांत शेतकऱ्याच्या अंगणातही आता चारचाकी उभी दिसते. कधी निर्मळच्या घाटातून, तर कधी पैनगंगा ओलांडून नागपूरच्या वाटेने ती धावते. चढावर अर्धवट दाबून धरलेला क्लच आणि त्याच्या पेडलवर विसावलेला चालकाचा डावा पाय, या दोन सवयींनी क्लचची तबकडी लवकर झिजते. मग इंजिन नुसते गर्जते, गाडी ओढत नाही आणि जळका वास येऊ लागतो. गॅरेजवाला मजुरीचा आकडा सांगतो, आणि घरातला तरुण मुलगा म्हणतो, “बाबा, हे काम आपण घरीच करू, फक्त हत्यारे आणून द्या.”

मुलाचा हा उत्साह मोडू नये, असे माझे मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलींच्या दुकानात झाला, हे आपण जाणतोच. हातांना काळे लागू देण्याची लाज मराठी घराने बाळगू नये. मात्र उत्साहाच्या आधी पारख हवी.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. तेलाच्या इंजिनावर चालणारी जुनी पिठाची गिरणी पुष्कळांना आठवत असेल. इंजिन चालू असतानाच पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की जाते थांबे. मोटारीत हेच कार्य क्लच करतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट एका तबकडीला दाबून धरते. पेडल दाबले की ती पकड सुटते. तबकडी बदलणे स्वतः अवघड नाही, परंतु ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध दडलेली असते. म्हणून हत्यारे निवडायची ती मुख्यतः गिअरबॉक्स सुखरूप खाली उतरवून पुन्हा वर चढवण्यासाठी.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण कामचुकाराला ऐकवतो. या कामात मात्र अंगणाचाच विचार आधी करावा लागतो. आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन कापसाला वरदान आहे. पण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना जॅक तिच्यात रुततो. तेव्हा सपाट, पक्की सिमेंटची जमीन नसेल तर घरी हे काम करूच नये.

जमीन लाभली, तर पहिला खर्च गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्यांवर करावा. हायड्रॉलिक जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे सील गळू लागले की गाडी खाली येते. विटांची चळत त्याहून घातक, कारण वीट कोणतीही सूचना न देता फुटते. घोडीवर किती टनांचा भार चालेल ते छापलेले असते, ते वाचूनच घ्यावी. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. गाडी घोड्यांवर ठेवल्यावर बाहेर उभे राहून ती हलवून पाहावी, आणि मगच खाली शिरावे. या एका बाबतीत काटकसर करणारा माणूस पैशांची नव्हे, घरातल्या माणसाची किंमत कमी करतो.

दुसरा क्रम पान्यांचा. पाना हा शब्द मराठीत, उर्दूत आणि तेलुगूतही चालतो, त्यामुळे आपल्याकडील दुकानात मागणी करताना भाषेची अडचण पडत नाही. उघड्या तोंडाचा पाना घट्ट बसलेल्या नटाचे कोपरे झिजवतो. त्यासाठी रिंग पाना किंवा गोटी हवी. गोटी बारा कोनांपेक्षा सहा कोनांची घ्यावी, कारण ती नटाच्या सपाट बाजूंवर बसते. बहुतेक लहान मोटारींना १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटर ही मापे पुरतात. शंभर नगांच्या चकचकीत पेटीपेक्षा क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे मोजकेच पाने श्रेयस्कर.

गाडीच्या रचनेप्रमाणे यादीत फरक पडतो. बोलेरो किंवा ईको यांसारख्या गाडीत मागची चाके ओढतात. तेथे प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून रूढ झालेल्या रचनेत इंजिन आडवे असते आणि पुढची चाके ओढतात. तेथे चाकांकडे जाणारे ॲक्सल काढावे लागतात. त्यासाठी चाकाच्या मध्यावरचा मोठा नट खोलायचा असेल, तर त्याचे माप आधी घेऊन मगच गोटी विकत आणावी. तो नट चाके जमिनीवर असतानाच सैल करावा. घोड्यांवरच्या गाडीला जोराचे हिसके देणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. अशा गाडीत गिअरबॉक्स निघाला की इंजिनाचाही एक आधार जातो, म्हणून त्याखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक हवा.

तिसरे हत्यार अगदी साधे आहे. तबकडी फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर बसवणारा दांडा हवा. तबकडी केसभर सरकली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्या छिद्रात शिरत नाही, आणि ते अवजड धूड हातांवर तोलून माणूस रडकुंडीस येतो. हा दांडा विकत मिळतो. माप देऊन सुताराकडून लाकडाचाही करून घेता येतो.

चौथे, टॉर्क रेंच. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १० किलो वजन टांगले, तर पडणारा पीळ सुमारे ९८ न्यूटन-मीटर होतो, हे विज्ञानाच्या वर्गात आपण शिकलो. प्रत्येक बोल्टला किती पीळ द्यायचा ते निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.

जुन्या तबकडीची धूळ फुंकू नये. पूर्वी त्यांत ॲस्बेस्टॉस वापरत, आणि ते फुप्फुसांना घातक आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसावी; नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. निथळलेले गिअर ऑईल शेतात अथवा विहिरीपाशी ओतू नये.

आता हिशेब. क्लच काही दरवर्षी बदलावा लागत नाही. तेव्हा घोड्या, पाने आणि गोट्या विकत घ्याव्यात; त्या जन्मभर कामी येतात. टॉर्क रेंच आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा जॅक ओळखीच्या गॅरेजातून भाड्याने आणावा. आणि शक्य असेल तर तेथील एखाद्या जाणत्या कारागिराला दिवसाची मजुरी देऊन सोबत बोलवावे. मजुरी संपूर्ण वाचणार नाही, परंतु मुलगा कारागिराच्या शेजारी उभा राहून शिकेल. गिअरबॉक्स वर चढवताना दोन माणसांचे हात लागतातच, त्यांतले दोन जाणत्याचे असावेत.