यंत्रामागचा माणूस

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल येथे लेव्हंट ही कथील-तांब्याची जुनी खाण आहे. खनिज वर ओढण्यासाठी १८४० साली बसविलेले तिचे वाफेचे यंत्र १९३० मध्ये थांबले. पुढे स्वयंसेवकांनी ते दुरुस्त करून पुन्हा फिरते केले, लोकांना दाखविले. याच खाणीत १९१९ साली कामगारांना वर-खाली नेणारे यंत्र तुटून ३१ जण दगावले होते.

कॉर्नवॉलचे खाणवाले कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही आले. तिथे जमिनीखाली राबले ते बहुतांशी तामिळ अस्पृश्य. त्यांच्यातच पंडित अयोथीदासांच्या बौद्ध चळवळीने मूळ धरले. २००१ साली त्या खाणी बंद पडल्या. तेथील यंत्रे कधी प्रदर्शनात मांडली गेली, तर शेजारी या कामगारांची व त्यांच्या धम्मकार्याची पाटी हवी. आपल्या संस्थांनी ही मागणी आताच लावून धरावी.

जय भीम!