भाडें कोणीं ठरवावें ?

इंदापुरास आमच्या आप्तांकडे मुंज होती. भिक्षावळ आटोपून, पाहुण्यांचा निरोप घेऊन आम्ही बाहेर पडलों तेव्हां रात्रीचे साडेनऊ झाले होते. बरोबर आमच्या मोठ्या वहिनी, त्यांचे गुडघे, आणि पुण्यास शिकणारा पुतण्या. बारामतीची एस. टी. नुकतीच सुटली होती. पुतण्यानें मोठ्या ऐटींत खिशांतून फोन काढला, 'काका, दोन मिनिटांत गाडी येईल' असें सांगितलें, आणि त्या दोन मिनिटांचीं वीस मिनिटें होईपर्यंत फोनांतलें चक्र नुसतें फिरत राहिलें. अखेर उत्तर आलें कीं या भागांत सध्यां एकहि गाडी नाहीं. वहिनी म्हणाल्या, 'अरे, त्या यंत्राला इंदापूर कुठें आहे तें तरी ठाऊक आहे का ?'

स्टँडाबाहेर पिवळ्या पाटीची एक गाडी उभी होती. चालकानें बारामतीचें भाडें सांगितलें तें ऐकून पुतण्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'पुण्यांत किलोमीटरला पंचवीस रुपये सरकारी दर आहे,' असें तो म्हणाला. 'असंल की दादा,' चालक शांतपणें उत्तरला, 'पन येताना रिकामी गाडी आणायची ती कुणाच्या डिझेलवर ?' यावर पुतण्यापाशीं उत्तर नव्हतें. वहिनींनीं शंभर रुपये कमी करविले आणि दार उघडून त्या आंत बसल्याहि.

निमगांव केतकी मागें पडेपर्यंत कोणी बोललें नाहीं. मग वहिनींनीं आपल्या नेहमींच्या रीतीनें चालकाचें गांव, शेत, मुलेंबाळें यांची चौकशी आरंभिली. गृहस्थ इंदापूर तालुक्यांतलाच निघाला. जमीन थोडी, वांटेकरी भाऊ दोन, पाण्याचा भरंवसा नाहीं. म्हणून कर्ज काढून गाडी घेतली आणि सहा वर्षें ती पुण्यांत फोनवरच्या एका कंपनीसाठीं चालविली. आरंभीं पैसा बरा मिळे. अमुक इतक्या फेऱ्या केल्या कीं अमुक इतकें बक्षीस, असा हिशेब असे. पुढें बक्षीस आटलें, गाड्या वाढल्या, भाडें उतरलें, आणि बँकेचा हप्ता मात्र होता तेवढाच राहिला. 'मग तक्रार नाहीं केलीत कोणाकडे ?' असें मीं विचारलें. तो म्हणाला, 'काका, भांडायचं तर कुणासंगं ? फोनाला तोंड नाय.'

त्याचें हें बोलणें घरीं येईपर्यंत मनांत घोळत राहिलें. आमच्या वडिलांच्या वेळीं दौंडाहून बारामतीस अरुंद रुळांची गाडी येई आणि पुढें घरापर्यंत टांगा करावा लागे. टांगेवाल्याशीं घासाघीस ही त्या काळीं गृहस्थाश्रमांतली एक विद्याच होती. ती दोन्ही पक्षांस येत असे, आणि भाव ठरवितांना दोघेहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहात असत. मोटारी आल्या तशी ही घासाघीस अपुरी पडूं लागली, कारण परगांवच्या उतारूला रस्ता ठाऊक नसतो, भाव ठाऊक नसतो, आणि रात्रीं तर त्याला दुसरा इलाजहि नसतो. अशा अडलेल्या माणसासाठींच भाड्याचा कायदा असतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें परवाने व दर यांचा अधिकार सरकारी प्राधिकरणांकडे आला, आणि १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली तेव्हांपासून तिकिटावर छापलेल्या आंकड्याशीं हुज्जत घालणें आपण सोडून दिलें.

तरी घासाघीस अगदींच गेली असें नाहीं. ती वडापांत जाऊन बसली. 'काळी-पिवळी' म्हटलें कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें पद्मिनी टॅक्सी उभी राहते. तिच्यांतली नोंदलेली शेवटची गाडी वीस वर्षांची वयोमर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली, आणि वर्तमानपत्रांनीं तिचें सुतक पाळलें. आमच्या बाजूस काळी-पिवळी म्हणजे जीप. नऊ जणांच्या जागेंत पंधरा बसविणारी, आणि 'अजून दोन बसत्यात' असें म्हणून मगच हलणारी. एस. टी. स्टँडापासून दोनशें मीटरांच्या आंत तिनें उभें राहूं नये असा नियम आहे. पण ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, तेव्हां सरकारनेंच अधिसूचना काढून खासगी वाहनांस उतारू नेण्याची मुभा दिली. कालपर्यंत जिच्यामागें शिपाई धांवत, तिलाच स्टँडाच्या दारांत पाचारण झालें ! नियम आणि गरज यांची गांठ पडली कीं आपल्याकडे बहुधा असेंच होतें.

आतां फोनवरच्या गाड्यांचें पाहूं. कायद्यांत या कंपन्यांना 'ॲग्रीगेटर' म्हणतात. आपण मध्यस्थ म्हणूं. कारण गाडी त्यांची नसते, चालक त्यांचा नोकर नसतो, आणि उतारू तर त्यांनीं पाहिलेलाहि नसतो. तरी भाडें ते ठरवितात, आणि आपला वांटा आधीं कापून घेतात. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन या मध्यस्थांस परवाना आवश्यक ठरला. २०२० च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें मार्गदर्शक सूत्रें काढलीं. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम मात्र लांबतच गेले. इतके कीं मार्च २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें परवान्यावांचून धंदा चालतोच कसा असा जाब विचारून कंपन्यांस अर्ज करण्याची मुदत घालून दिली. पुण्यांत नोव्हेंबर २०२२ मध्यें दुचाकी टॅक्सीविरुद्ध रिक्षावाल्यांनीं बंद पुकारला, डिसेंबरांत रॅपिडोचा अर्ज नामंजूर झाला, आणि जानेवारी २०२३ मध्यें ती सेवा न्यायालयाच्या सांगण्यावरून थांबली. फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि कंपनीस दिलासा दिला नाहीं.

या सगळ्याशीं बारामतीचा काय संबंध असें कोणी विचारील. संबंध आहे. पुण्याचें प्रादेशिक परिवहन प्राधिकरण जे दर ठरवितें ते पुणें, पिंपरी-चिंचवड आणि बारामती अशा तिघांस मिळून असतात. १ जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीस पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढें दर किलोमीटरला २५ रुपये असा जो दर ठरला, त्यांत बारामतीचें नांव होतें. पुतण्यानें चालकाच्या तोंडावर फेंकला तो हाच दर. गंमत अशी कीं ज्या पुण्यासाठीं तो मुख्यतः काढला, तेथेंच कंपन्यांनीं तो फोनांत दाखविला नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें चालकांनीं बंद केला. मार्चांत प्राधिकरणानें ओला व उबर यांचे परवान्याचे अर्ज फेटाळले. आणि अर्ज फेटाळल्यावरहि गाड्या पूर्ववत् धांवत राहिल्या. अखेर मे २०२५ पासून पुण्यांतले कित्येक चालक फोनांतला आंकडा बाजूस ठेवून सरकारी दरानें भाडें मागूं लागले. म्हणजे कायदा चालकाच्या बाजूस, आणि तरी भांडण मात्र त्याचें उतारूशीं. उतारूनें फोनांत एक भाडें पाहिलेलें असतें. दारांत दुसरें ऐकलें कीं त्याला चालकच लुच्चा वाटतो. ज्यानें हा घोळ घातला तो मध्यस्थ दोघांनाहि दिसत नाहीं. आमचा चालक याच धबडग्याला कंटाळून गाडी घेऊन गांवीं परतला होता.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं मी फोनवरच्या गाड्यांचा वैरी आहें. तसें नाहीं. माझी एक पुतणी पुण्यांत नोकरीस आहे व तिला घरीं परतण्यास कधीं कधीं रात्रीचे अकरा होतात. ती गाडींत बसली कीं गाडीचा क्रमांक, चालकाचें नांव आणि रस्त्याची रेघ तिच्या आईच्या फोनावर उमटते. आणि ती रेघ दाराशीं येऊन थांबेपर्यंत तिची आई जागी असली तरी निदान येरझारा घालीत नाहीं. पूर्वीं रिक्षावाल्यानें 'तिकडे येत नाहीं' म्हणून मान फिरविली कीं मुलीनें रस्त्यावर उभें राहावें, हीच रीत होती. स्टँडावरच्या गाडीवाल्यांस आमच्या गांवांत सर्व ओळखतात, हें खरें. पण ती ओळख गांवच्या वेशीपर्यंतची. पुण्यासारख्या शहरांत अनोळखी माणसास चालक कोण हें आधीं कळणें, यांत मोठी सोय आहे, आणि ती टिकलीच पाहिजे. वाद सोयीबद्दल नाहींच. त्या सोयीचा भाव कोणीं ठरवावा व चुकल्यास जाब कोणीं द्यावा, एवढ्याबद्दल आहे.

राज्य सरकारनें मे २०२५ मध्यें यासंबंधीं धोरण ठरविलें. गर्दीच्या वेळीं भाडें मूळ दराच्या दीडपटीपलीकडे जाऊं नये, सवलत पंचवीस टक्क्यांपलीकडे देऊं नये, आणि भाड्यांतला निदान ८० टक्के वांटा चालकास मिळावा, असें त्यांत आहे. पुढच्या जुलैंत केंद्रानें नवीं सूत्रें काढून गर्दीच्या भाड्यास दुपटीपर्यंत वाव दिला. सप्टेंबरांत मुंबईकरितां किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा मूळ दर जाहीर झाला. हे ७२ पैसे कोण कोणास मोजून देणार, तें परिवहन खातेंच जाणे. पण माझ्या मतें यांतलें सवलतीचें कलम फार महत्त्वाचें आहे, आणि त्याकडेच लोकांचें लक्ष कमी आहे. चढ्या भाड्याविरुद्ध आपण सर्वच ओरडतों. उतरत्या भाड्यानें कोणाचें पोट कापलें जातें हें विचारीत नाहीं. कंपनी आरंभीं भाडें पाडते तेव्हां स्टँडावरच्या टॅक्सीवाल्याचा धंदा बसतो. तो बसला कीं मग चालकाचें बक्षीस आटतें, आणि उतारूचें भाडें चढतें. अडलेला माणूस तो अडलेलाच.

लंडनमध्यें हाच प्रश्न निराळ्या वाटेनें सुटला. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, भाडें, अटी आणि शिक्षा ज्या अर्थीं कंपनी ठरविते त्या अर्थीं चालक हे तिचे कामगारच. त्यांना किमान वेतन व भरपगारी रजा मिळाली पाहिजे. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत अशा कामगारांचें नांव प्रथमच आलें, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आली. नांव आलें हेंहि कांहीं कमी नाहीं.

भवानीनगरच्या कारखान्याचे दिवे दिसूं लागले तेव्हां पुतण्याला आठवण झाली. केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांनीं मार्च २०२५ मध्यें लोकसभेंत सहकारी टॅक्सीची घोषणा केली आणि पुढें तशी संस्था नोंदलीहि गेली. चालकच सभासद, नफा चालकांचाच. मध्यस्थ नको, असा तिचा हेतु. पुतण्यानें हें उत्साहानें समजावून सांगितलें. चालकानें सर्व ऐकून घेतलें, कारखान्याकडे एकदां मान वळविली आणि म्हणाला, 'म्हंजे असं का ? मग शेवटचा हप्ता हातात पडायला दिवाळी उजाडंल.' आम्ही सर्वच हंसलों. पण थोड्या वेळानें तोच पुन्हां म्हणाला, 'तरी बरं. हितं निदान सभेला जाऊन वरडता येतं.'

काटेवाडी मागें टाकून आम्ही बारामतींत शिरलों तेव्हां साडेदहा वाजून गेले होते. चालकानें वहिनींना हात देऊन पायऱ्या चढविल्या. पैसे मोजून झाल्यावर वहिनींनीं त्याला थांबविलें. येत्या गुरुवारीं त्यांना पुण्यास गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जावयाचें होतें. जाऊन-येऊन किती, थांबण्याचे किती, टोल कोणाचा, सर्व दारांतच ठरलें. या खेपेस त्यांनीं शंभर रुपयेहि कमी करविले नाहींत. मग स्वयंपाकघरांत जाऊन त्यांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या नंबराखालीं, त्याचा नंबर लिहिला.