कोरड्या ट्रॅकचा टायर आणि ओला रस्ता

मोटारींच्या शर्यती ही एकेकाळी संस्थानिकांची, मळेवाल्यांची आणि मोठ्या शहरांतील मूठभर क्लबांची मिरास होती. आज ती स्थिती पालटली आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम आणि २०११ पासून ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट अशा ठिकाणी बांधीव ट्रॅक आहेत. रोजच्या वापराची मोटार वा मोटारसायकल तेथे नेऊन, शुल्क भरून, ती मनसोक्त पळविण्याची सोय ठरावीक दिवशी उपलब्ध होते. अशा दिवसाला या छंदातील मंडळी ‘ट्रॅक डे’ म्हणतात. नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले आणि हाती चार पैसे खुळखुळू लागलेले तरुण या छंदाकडे वळत आहेत. यात नाक मुरडण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. वेगाची ओढ ही तारुण्याची सहजवृत्ती आहे आणि तिला वाहतुकीच्या रस्त्यापासून दूर, कुंपणाच्या आत, रुग्णवाहिका उभी ठेवून वाट करून देणे हे शहाणपणाचेच लक्षण होय.

चिंतेची बाब निराळीच आहे. ट्रॅकच्या या आकर्षणाबरोबर ट्रॅकच्या जातीचा टायरही आपल्या रस्त्यांवर येऊ लागला आहे. कित्येकांनी तर ट्रॅक कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. मित्राच्या गाडीला आहे, चित्रफितीत पाहिला आहे, किंमत दुप्पट आहे, एवढ्या भांडवलावर तो विकत घेतला जातो. जो टायर शर्यतीत वळणाला चिकटून राहतो, तो घराकडच्या वळणावर अधिकच चिकटेल, असा हा हिशेब असतो. हा हिशेब मुळातच चुकलेला आहे, आणि वर्षातले चार महिने पावसात भिजणाऱ्या गोमंतकासारख्या प्रदेशात ही चूक प्राणाशी गाठ घालणारी ठरू शकते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंना अतिवेग कारणीभूत ठरला. हे सारे टायरांचे बळी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु वेगाने जाणारे वाहन अखेर कशाच्या बळावर थांबते, याचा विचार या आकड्यापुढे टाळता येत नाही.

वाहनाचा भूमीशी संबंध येतो तो प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या जागेपुरता. तेवढ्या जागेत रबराला दोन कामे करावयाची असतात. रस्त्याच्या पृष्ठभागाला चिकटणे हे एक, आणि खडीच्या बारीक उंचवट्यांत रुतून, पुन्हा सावरताना गतीचा काही अंश उष्णतेच्या रूपाने गिळून टाकणे हे दुसरे. ही दोन्ही कामे रबर किती मऊ आहे आणि किती तापले आहे यांवर अवलंबून असतात. शर्यतीचा शुद्ध ‘स्लिक’ टायर, ज्यावर नक्षीची एकही रेघ नसते, तो सामान्यतः ८० ते ११० अंश सेल्सियसच्या आसपास तापल्यावरच आपले खरे गुण दाखवितो. म्हणूनच शर्यतीपूर्वी त्याला विजेची ऊबदार गोधडी पांघरतात, किंवा पहिल्या फेरीत गाडी डावी-उजवीकडे झुलवून तो तापवून घेतात. बाजारातून भाजी घेऊन परतणाऱ्या वाहनाच्या टायरला ही ऊब कधीच लाभत नाही. थंड राहिलेला शर्यतीचा टायर साध्या टायरहूनही दुबळा ठरतो. एका अर्थी तो झोपेतच रस्त्यावर धावत असतो.

शुद्ध स्लिक रस्त्यावर वापरणे बेकायदा आहे. आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर खोलीची नक्षी असावीच लागते. म्हणून व्यापाराने मधला मार्ग काढला: नावापुरत्या चार खाचा असलेला ‘सेमी-स्लिक’ टायर. कोरड्या डांबरावर, थोडा तापल्यावर, त्याची पकड विलक्षण असते हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्या नक्षीत खाचा कमी आणि रबर अधिक. पाणी जावे कोठून, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

पाण्याचा हा प्रश्न नीट समजून घेण्याजोगा आहे. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर चाक येते तेव्हा ते पाणी क्षणार्धात बाजूला सारले गेले पाहिजे. ते सारले गेले नाही, तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते, चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते, आणि मग सुकाणू व ब्रेक ही दोन्ही शोभेची उपकरणे होऊन बसतात. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर होर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या तरंगण्याच्या वेगाचे एक ठोकळ सूत्र मांडले. त्यानुसार टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर तासाला सुमारे ९० किलोमीटर वेगाला चाक तरंगू शकते. टायर रुंद असेल, झिजलेला असेल, तर मोटारीच्या बाबतीत हा वेग आणखी खाली येतो. रुंद टायर अधिक सुरक्षित, ही समजूत येथे उलटी पडते. तेवढ्याच भाराखाली रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. आता आपल्याकडील स्थिती पाहा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, चढउताराचे वळणदार रस्ते, कडेने वाहून येणारी जांभ्या दगडाची लाल माती, आणि पहिल्या सरीबरोबर डांबरावर पसरणारा तेल व धूळ यांचा निसरडा लेप. चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. अशा प्रदेशात टायरची निवड त्याच्या सर्वोत्तम दिवशी तो काय करतो यावरून करून चालत नाही. सर्वात वाईट दिवशी तो काय करील, हेच पाहावे लागते.

गंमत अशी की, ज्यांच्या अनुकरणाने हे चालते त्या शर्यतीच्या जगाला पावसाचे हे सामर्थ्य पुरते ठाऊक आहे. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आभाळ फुटले की तेच चालक तातडीने ‘पिट’मध्ये येऊन कोरडे टायर काढून खोल नक्षीचे पावसाळी टायर चढवितात. पिरेली कंपनीच्या सांगण्याप्रमाणे असा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदास सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. एवढी साधने हाताशी असूनही १९७६ साली जपानमधील फुजी येथे मुसळधार पावसात निकी लाउडा यांनी दोन फेऱ्यांनंतर शर्यत सोडून दिली आणि जगज्जेतेपद अवघ्या एका गुणाने जेम्स हंट यांच्याकडे गेले. त्याच वर्षी नुरबुर्गरिंगच्या अपघातात मरणाच्या दारातून परत आलेल्या त्या माणसाला भेकड कोण म्हणेल? वेगाचे खरे उपासक पावसापुढे मान तुकवितात. रस्त्यावरचे त्यांचे नक्कलकारच तेवढे ती ताठ ठेवतात!

टायरच्या कडेवर छापलेली अक्षरे आणि आकडे वाचण्याची सवय आपल्याला नाही, याचाही लाभ विक्रेते उठवितात. ‘व्ही’ हे अक्षर २४० किलोमीटर वेगाची मर्यादा सांगते, ‘वाय’ ३०० ची. ही मर्यादा तो वेग सोसण्याच्या क्षमतेची आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यास गाडी किती अंतरात थांबेल, याविषयी ते अक्षर काहीही सांगत नाही. अमेरिकी पद्धतीच्या टायरांवर ‘ट्रेडवेअर’ नावाचा आणखी एक आकडा असतो. टेक्सासमधील ठरावीक मार्गावर चालवून, १०० गुण दिलेल्या प्रमाण-टायरशी तुलना करून तो काढतात. नित्याच्या टायरला ३०० ते ६०० असे गुण दिसतात, ट्रॅकवर आणि रस्त्यावरही चालणाऱ्या चपळ टायरला २०० च्या आसपास, आणि बहुतांशी ट्रॅकसाठीच घडविलेल्या टायरला १०० किंवा त्याहूनही कमी. आकडा जितका लहान, तितके रबर सामान्यतः मऊ आणि आयुष्य थोडे. परंतु हे गुण प्रत्येक उत्पादक आपले आपणच ठरवून देतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल देणे धाडसाचे ठरेल. कडेवर आणखी चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. वर्षानुवर्षे गोदामात पडून कडक झालेला नामांकित टायर नव्याच्या भावाने घेण्याची पाळी टाळायची असेल, तर हे चार आकडे तरी वाचावेत.

दुचाकीस्वारांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण गोव्याचा रस्ता मुख्यतः त्यांचाच आहे. मोटारसायकलच्या टायरचा छेद गोल असल्यामुळे तो पाणी कापत जातो, मोटारीप्रमाणे सहजी तरंगत नाही. पण मोटारीचे चाक घसरले तर आणखी तीन असतात. दुचाकीचे पुढचे चाक घसरले की स्वार जमिनीवर. ट्रॅकवर मोटारसायकल सतत कलती राहते, म्हणून तेथे टायरच्या बाजू झिजतात. रस्त्यावर ती बहुधा सरळ धावते, म्हणून मधला पट्टा झिजून सपाट होतो, आणि सपाट झालेला टायर वळणावर कलताना अडखळतो. यासाठीच मध्ये कणखर आणि बाजूंना मऊ अशा दुहेरी रबराचे टायर निघाले आहेत. ट्रॅकसाठीचा सर्वांगी मऊ टायर रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरणारा स्वार पैसा आणि पकड दोन्ही थोड्या महिन्यांत गमावतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साध्या टायरवर ट्रॅकवर उतरणे हेही शहाणपण नव्हे. नक्षीचे उंच ठोकळे वळणावळणाला वाकतात, तापतात, आणि रबराचे लचके निघू लागतात. यात हवा कमी असेल तर कडा अधिक दुमडून आतली उष्णता वाढते आणि टायर फुटण्याचा संभव निर्माण होतो. अतिशय कुशल माणसांचीही येथे गफलत होते. २००५ च्या जून महिन्यात इंडियानापोलिसच्या कलत्या वळणावर आपले टायर टिकतील याची खात्री मिशलँ कंपनीस देता आली नाही. तिच्या टायरांवरील चौदा गाड्या संचलनाची फेरी संपताच माघारी वळल्या आणि हजारो प्रेक्षकांसमोर अवघ्या सहा गाड्यांची शर्यत झाली. कंपनीची नाचक्की झाली, पण कोणाचा प्राण गेला नाही. टायर एका विशिष्ट पृष्ठभागासाठी असतो आणि पृष्ठभाग बदलला की त्याची थोरवी संपते, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

मग हौशी माणसाने करावे काय? वर्षातून एकदोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारा, खोल नक्षीचा, चांगल्या प्रतीचा रस्त्याचा टायर घ्यावा आणि ट्रॅकवर दोनचार सेकंद गमवावेत. तेथे घड्याळाखेरीज कोणी विचारणार नाही. वारंवार जाणाऱ्याने चाकांचा दुसरा संच बाळगावा, तो ट्रॅकवर चढवावा आणि परतीच्या प्रवासापूर्वी उतरवावा. हा खर्च ज्याला जड वाटतो, त्याने हा छंद आपल्याला परवडतो काय, याचा पुनर्विचार करावा. एकाच टायरवर दोन्ही साधण्याचा अट्टाहास करणाऱ्याला, ट्रॅकवरून दमूनभागून रात्रीच्या पावसात घरी परतण्याचा प्रवासच सर्वांत धोक्याचा ठरतो.

शासनाचे कर्तव्यही येथे संपत नाही. ओल्या रस्त्यावरील पकड, लोटण्यातील अवरोध आणि आवाज यांविषयी किमान मर्यादा घालून देणारे नियम केंद्राने २०२२ मध्ये जाहीर केले, हे योग्यच झाले. तथापि किमान मर्यादा पाळली गेली एवढे कळून ग्राहकाचे काम भागत नाही. युरोपात २०१२ पासून प्रत्येक मोटार-टायरवर ओल्या पकडीची श्रेणी ठळकपणे छापलेली असते. वरच्या आणि तळाच्या श्रेणीत ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबताना १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो, असे तेथे ग्राहकांना सांगण्यात आले. अठरा मीटर म्हणजे चार मोटारींची लांबी; शाळेसमोरचा रस्ता ओलांडणारे मूल वाचते की नाही, हे तेवढ्यात ठरते. आपल्या दुकानांतही हीच श्रेणी किमतीशेजारी दिसली पाहिजे. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ मध्ये झिजलेल्या टायरांची वाहने प्रवेशद्वारावरून परत पाठविण्याची मोहीम परिवहन खात्याने घेतली होती. गोव्यात मे महिन्याच्या अखेरीस अशीच तपासणी व्हावी आणि तिचा आरंभ पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दुचाकींपासून व्हावा; कारण त्या गाडीचा टायर गोटा झाला आहे की नाही, हे परगावच्या पाहुण्याने पाहावे ही अपेक्षा रास्त नाही. उसगावात टायर बनविणारा मोठा कारखाना असलेल्या राज्याला या कामी जाणकार माणसांची उणीव भासू नये.

तरुणांनी जरूर ट्रॅकवर जावे, तेथे जाणकाराकडून ब्रेक आणि वळण यांचे शास्त्र शिकावे. तेथील डांबर ज्याला पळायचे आहे त्याच्यासाठीच राखलेले असते. गावाच्या रस्त्यावर मात्र पायी चालणारा, सायकलवाला, मासळीची टोपली घेऊन उभी असलेली बाई, यांनी त्या शर्यतीत नाव नोंदविलेले नसते. आपल्या गाडीखालचे चार तळहात त्यांच्याही आयुष्याची हमी देत असतात, एवढे टायर निवडताना ध्यानी धरले तरी पुष्कळ झाले.