सातबारा जिवंत झाला, पण वाटणीचे काय? नांदगावच्या शेतकरी कुटुंबांसाठी वारसा नियोजन

घरातील कर्ता माणूस गेला की दहावा-तेरावा होतो, पण सातबाऱ्यावरचे नाव तसेच राहते. काही घरांत आजोबांचे नाव नातवाच्या लग्नापर्यंत निघत नाही. पूर्वी ते चालून जायचे, कारण शेत कोण कसतो हे गावाला ठाऊक असायचे. आता तसे राहिलेले नाही. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक सातबाऱ्यावरील नावाशी आणि आधारशी जोडलेला असतो. मयत खातेदाराच्या नावाने तो निघत नाही, आणि कसणाऱ्या मुलाचे नाव उताऱ्यावर नसेल तर त्यालाही मिळत नाही.

ही अडचण ओळखून महसूल विभागाने 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू केली. त्याआधी बुलढाणा जिल्ह्यात ती राबवून पाहिली होती. गावोगावी चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या करायच्या आणि वारसांची नावे लावायची, असे तिचे स्वरूप होते. पुढच्या टप्प्यात ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, यांसारख्या जुन्या नोंदींचाही विषय घेतला गेला.

मोहीम गरजेचीच होती. मात्र तिच्यामुळे एक गैरसमज वाढला आहे. वारस नोंद झाली म्हणजे वाटणी झाली, असे अनेकांना वाटते. तसे नाही. वारस नोंद, वाटणी आणि मृत्युपत्र ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी सरकार गावात येऊ शकते. उरलेली दोन मात्र घरात बसूनच ठरवावी लागतात, आणि तीही मोठी माणसे हयात असताना.

पहिले काम : वारस नोंद

खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवणे अपेक्षित आहे. अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीवरूनही करता येतो. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे, वय, पत्ते, मोबाइल क्रमांक आणि वारसांबाबतचे शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र तयार ठेवा. नोटीस निघून हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

अर्जात एकही वारस लपवू नका. लग्न झालेली बहीण आणि आई यांची नावे गाळून केलेली नोंद पुढे रद्द होऊ शकते. हेही ध्यानात ठेवा की फेरफार हा महसुली नोंदीसाठी असतो. मालकीचा वाद झालाच, तर निकाल दिवाणी न्यायालय देते.

पीएम-किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही जमीनधारणेची तारीख धरली आहे, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. म्हणजे वडिलांच्या पश्चात नाव लागलेला मुलगा, मुलगी किंवा पत्नी इतर अटी पूर्ण करत असल्यास अर्ज करू शकते. नोंद लांबली की हा लाभही लांबतो.

कोणाचा किती हिस्सा?

समजा, एका कुटुंबाकडे सहा एकर, म्हणजे 240 गुंठे जमीन आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुले आणि एक मुलगी आहे. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर चौघांना समान, प्रत्येकी 60 गुंठे. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी वडील, आई आणि तीन अपत्ये असे पाच हिस्से धरतात. वडिलांचा पाचवा हिस्सा मग चौघांत वाटला जातो. हिशेब करून पाहा, पुन्हा प्रत्येकी 60 गुंठेच येतात.

फरक पडतो तो मृत्युपत्रात. स्वकष्टाची जमीन असेल तर वडील पूर्ण 240 गुंठ्यांचे मृत्युपत्र करू शकतात. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्याचे, म्हणजे या उदाहरणात 48 गुंठ्यांचे. सगळी जमीन थोरल्याच्या नावे लिहून ठेवली तरी बाकीच्यांचा जन्मसिद्ध हिस्सा जात नाही.

मुलीच्या हक्काबाबत आता संभ्रमाला जागा नाही. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिने समजून, राजीखुशीने आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. कोऱ्या कागदावर घेतलेली सही नात्यालाही महागात पडते आणि जमिनीलाही.

हे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहेत. मुस्लिम आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना वेगळे नियम असल्याने त्यांनी जाणकार वकिलाला विचारावे.

दुसरे काम : वाटणी

सर्व सहहिस्सेदार एकमताचे असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणी करता येते. पूर्वी वाटणीपत्राच्या नोंदणीसाठी एक टक्का, कमाल 30 हजार रुपये फी लागायची. तेवढ्यासाठी अनेक कुटुंबे नोटरीच्या कागदावर भागवायची. 27 मे 2025 रोजी मंत्रिमंडळाने कलम 85 खालील शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय घेतला. खर्चाचे कारण आता उरलेले नाही.

वाटणीआधी तुकडेबंदीचे गणित तपासा. प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. दोन एकर जिरायत पाच जणांत वाटली तर प्रत्येकी 16 गुंठेच येतात. अशा वेळी एकाने जमीन घ्यावी आणि इतरांना पैसे किंवा दुसऱ्या गटातील जमीन द्यावी, हे बरे.

नांदगावसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात जमिनीपेक्षा पाण्याचे भांडण आधी पेटते. म्हणून वाटणीपत्रात एवढे नक्की लिहा :

- विहिरीत किंवा बोअरमध्ये कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कशी
- मोटर, पाइपलाइन आणि वीज जोडणी कोणाच्या नावे, बिल कोण भरणार
- मागच्या हिश्श्याला जायचा रस्ता कुठून आणि किती रुंद
- कांदा चाळ, गोठा, झाडे कोणाकडे
- सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज कोण फेडणार

तिसरे काम : मृत्युपत्र

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवले तर पुढचे संशय कमी होतात. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका. गट क्रमांक, क्षेत्र आणि हिस्सा स्पष्ट लिहा. हयातीत मृत्युपत्र कितीदाही बदलता येते.

बक्षीसपत्र तसे नाही. एकदा करून दिले की जमीन हातची गेली. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. ती अट असेल आणि पुढे मुलांनी सांभाळ केला नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 खाली दाद मागता येते.

बँकेतील पैशाचेही पाहा. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवले तर घोळ होत नाही.

या आठवड्यात काय कराल?

महाभूलेखवर तुमचा सातबारा आणि 8अ उघडा आणि नावे मोठ्याने वाचा. त्यात मयत व्यक्तीचे नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या. सगळी नावे हयात माणसांची असतील तर बहिणी माहेरी येतील तो दिवस धरा आणि आई-वडिलांसमोर वाटणीचा विषय काढा. कृषी सहायकांनीही शेतकरी ओळख क्रमांकाच्या कामात ‘उताऱ्यावर नाव कोणाचे?’ हा प्रश्न पहिला विचारावा.

आई-वडिलांसमोर वाटणीचे बोलणे अनेकांना अशुभ वाटते. पण विहीर कोणी का खोदली, कोणत्या बहिणीच्या लग्नात कोणते शेत गहाण पडले, हे सांगणारे तेच आहेत. ती माहिती कोर्टातल्या कोणत्याही कागदात सापडत नाही.